शवर्म्याच्या गाडीवरचं राजपत्र

कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही म्हणतात. कबूल. पण ज्ञान मिळायचं कुठून? हैदराबादेतल्या आमच्या काचीगुड्यात राजपत्र वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. इथे कायदा कळतो तो शवर्म्याच्या गाडीवर.

३० ऑक्टोबर २०२४ ला तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. हैदराबादेत मोमो खाऊन माणसं आजारी पडली होती, एक बाई दगावली होती. बंदी रास्तच. पण ती पोचली कशी बघा. मी प्लेट पुढे केली आणि गाडीवाला म्हणाला, "मेयो नक्को बोलो साब, बंद हुआ." कलम कितवं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. कायदा मात्र दोघांना पाठ झाला.

रमीचंही तेच. २०१७ मध्ये राज्याने पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी बंद केली. "रमी हा कौशल्याचा खेळ आहे" ही पळवाटसुद्धा बुजवली. आमच्या वाड्यातल्या एका काकांना ही बातमी पेपराने नाही, ॲपने दिली: तुमच्या राज्यात हा खेळ नाही. आपण कुठल्या राज्यात राहतो, याचा इतका चटका त्यांना तेलंगण झालं तेव्हाही बसला नव्हता.

सरपंचांना तर कुणी काही सांगायलाच नको. २०१८ च्या पंचायत राज कायद्याने ठरवलं, लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगली पाहिजेत, नाहीतर खुर्ची धोक्यात. रोप सुकलं की सरपंचाच्या घशाला कोरड.

थोडक्यात, ताटाला, पत्त्यांना किंवा खुर्चीला हात लागला की आम्ही कायदेपंडित. हात दुसऱ्याच्या अंगाला लागला तर?

नोव्हेंबर २०१७. जागतिक उद्योजकता परिषदेला इव्हान्का ट्रम्प येणार म्हणून शहरात दोन महिने भीक मागायला मनाई झाली. आदेश रीतसर निघाला, छापूनही आला. चौकातल्या भिकाऱ्यापर्यंत मात्र तो पोलिसांच्या गाडीतून आला, आणि त्याला घेऊनच परत गेला.

आणि १३२९ फसलीचा तो कायदा! जुने निजामी कागद चाळलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हिशेब ठाऊक आहे: फसली सनात ५९० मिळवा. म्हणजे इसवी सन १९१९. या कायद्यानुसार हिजड्यांची नोंदवही ठेवायची होती. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसली किंवा चारचौघांत नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, आंध्र प्रदेश दुभंगला. दारावरची पाटी बदलत गेली, कायदा आत बसून राहिला. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तोही काही तृतीयपंथी लोकांनीच दार ठोठावलं म्हणून.

ती बातमी आमच्या व्हॉट्सॲपवर आली तेव्हा सगळ्यांनी डोळे विस्फारले. "अरे बापरे, असाही कायदा होता?" खाली हसरे चेहरे. मीही एक टाकला.

आता वाटतं, खूण सोपी आहे. कायदा चमत्कारिक वाटला, की समजावं, तो आपल्यासाठी नव्हता.