नमुना

आयुष्याची एकतीस वर्षं मी दगडांचे नमुने घेतले. छत्तीसगडमधल्या आमच्या अहिवाऱ्याजवळच नंदिनीची खाण आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्यांना लागणारा चुनखडक तिथून जातो. दगडात सिलिका वाढली की भट्टीत स्लॅग वाढतो, कोळसा जास्त जळतो आणि वरून फोन येतो. म्हणून ढिगाच्या कुठल्या कोपऱ्यातून किती दगड उचलायचा, पिशवीत मागच्या नमुन्याची धूळ कशी राहू द्यायची नाही, हे मी नव्या पोरांना घोकायला लावायचो. माझं ठरलेलं वाक्य होतं, "नमुना घाण, तर रिपोर्ट घाण." त्याच वाक्याने म्हातारपणी मला तोंडघशी पाडलं.

निवृत्तीनंतर वर्षभरात मधुमेह निघाला. टाइप टू. डॉक्टरांनी जेवणासोबत मेटफॉर्मिन दिली, पुढे नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची एक गोळी जोडली. लक्ष्य सांगितलं: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत, आणि एचबीए१सी सातच्या आसपास. टार्गेट हा शब्द कानाला सवयीचा, त्यामुळे मला भलताच हुरूप आला. ग्लुकोमीटर आणला, रकाने आखून वही केली, वाढीव आकड्यांसाठी लाल पेन घेतला. दिवसातून पाच-पाचदा टोचू लागलो. ही म्हणाली, "खाण सुटली, आता बोटं खणा."

मग पोळा आला. आपला पोळा आणि छत्तीसगडचा पोरा एकाच अमावास्येला. घरोघरी मातीचे बैल, ठेठरी आणि खुर्मी. ठेठरी बेसनाची, खारी. तिच्याशी माझं वैर नाही. खुर्मी मात्र गव्हाच्या पिठाची, गुळाची, तळलेली. पाठोपाठ तीज. ही हरतालिका वऱ्हाडी पद्धतीने करते, पण तीजेला माहेरी जायची चाल तेवढी तिने छत्तीसगडची उचलली आहे. त्यामुळे ती वर्ध्याला गेली, आणि जाताना माझ्या भल्यासाठी घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन गेली.

संध्याकाळी शेजारच्या भौजी खुर्मीचं ताट देऊन गेल्या. मी खुर्मी खाल्ली नाही. ताटातली फक्त डब्यात भरली. (एक मोडली होती. मोडलेली डब्यात ठेवणं बरं दिसत नाही.) बोटं लुंगीला पुसली आणि टोचलं. मीटर म्हणाला, ३४२.

खात्रीसाठी त्याच बोटाला पुन्हा टोचलं. ३३६. दोन रिपोर्ट जुळले! खाणीत एवढ्यावर मी सही ठोकली असती. इथेही ठोकली. ग्लिमेपिराइडची एक जादा गोळी घेतली, तिला ओव्हरटाइम म्हणून; आणि पापक्षालनासाठी रात्रीचं जेवण रद्द केलं.

दोन वाजता जाग आली. बनियन घामाने चिंब, हात लटलट कापताहेत, छातीत धडधड, आणि भूक अशी की उशी खावी. वाटलं, हार्टच गेलं. सवयीने टोचलं: ५२. घामाने बोट आयतंच धुतलं गेलं होतं, म्हणून हा आकडा खरा असावा.

फ्रिजवर हिच्या हस्ताक्षरातला कागद होता: ७०च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून, म्हणजे १५ ग्रॅम, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणे. सूचना हजर, साखर फरार. सापडली ती शुगर-फ्रीची डबी. ती जिभेला फसवते, रक्ताला फसवू शकत नाही. खुर्मी होती, पण तळणीतला गूळ रक्तात पोचायला वेळ लावतो, हे डॉक्टरांनी बजावलेलं. शेवटी वाटी घेऊन भौजींचं दार वाजवलं.

"का होगे?"

"शक्कर," मी म्हणालो.

मधुमेहाचा पेशंट मध्यरात्री साखर मागतोय, हे ऐकून भौजींचे यजमान, भैया, आतून खो-खो हसले. माझा चेहरा दिसल्यावर थांबले. भौजींनी साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी ७८. मग रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली बासी, मीठ आणि कांदा पुढ्यात आला. इतकं चविष्ट जेवण मी निवृत्तीच्या पार्टीतही जेवलो नव्हतो. भैया पहाटेपर्यंत समोर बसून राहिले.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "भैयांमुळे वाचलात. या गोळीचा अंमल दिवसभर असतो. साखर वर येऊन पुन्हा घसरू शकते. तुम्ही रात्रीच दवाखान्यात यायला हवं होतं." मग वही उलटून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टोचण्याआधी हात धुतले होते?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बोटाला लागलेला गूळ मी इमानेइतबारे मोजला होता.

एचबीए१सी आली ७.२. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एका संध्याकाळच्या खुर्मीने ती हलत नाही. एका दगडावरून अख्खी रेक नापास करायची नसते, हेही मीच शिकवायचो.

हिला फोनवर सगळं सांगून शेवटी म्हणालो, "चूक एवढीच, की नमुना खराब होता." ती म्हणाली, "ते मला लग्नातच कळलं होतं."

मंडळी, टोचण्याआधी हात साबणाने धुवा, कोरडे करा. आकडा कितीही भडक दिसला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जादा गोळी घेऊ नका. आमच्याकडे आता मीटरशेजारी साखरेची पुडी असते. तिच्यावर हिने लाल पेनाने लिहिलंय, 'फक्त ७०च्या खाली. मोडलेली असली तरी.'