बॉम्ब चालेल, पत्ता नको

ब्रिटनची अण्वस्त्रे देशाच्या रक्षणासाठी अपरिहार्य असून ती पूर्णपणे सुरक्षित आहेत, याविषयी लंडनमधील जाणत्या मंडळींत फारसा मतभेद नाही. आणि इतकी अपरिहार्य व सुरक्षित वस्तू लंडनपासून जितकी दूर राहील तितके बरे, याविषयी तर मुळीच नाही. ट्रायडंट, म्हणजे पाणबुडीतून डागावयाची अमेरिकी बनावटीची क्षेपणास्त्रे, वाहणाऱ्या चारही पाणबुड्या त्यामुळे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फासलेन येथे नांदतात आणि त्यांची अण्वस्त्रे शेजारच्या कूलपोर्टच्या कोठारांत राहतात. खोल पाणी आणि अटलांटिकचे सान्निध्य ही या निवडीची रीतसर कारणे होत. ग्लासगो, हे स्कॉटलंडचे सर्वांत मोठे शहर, तेथून सुमारे ४० किलोमीटरवर वसले, हा त्या शहराचा निष्काळजीपणा म्हटला पाहिजे.

संरक्षण हा विषय १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने लंडनच्या संसदेकडेच राखून ठेवल्यामुळे एडिंबरोच्या संसदेने विरोधाचे ठराव कितीही केले तरी ते दप्तरापुरतेच उरतात. जुलै २०१६ मध्ये नव्या पाणबुड्यांचा प्रस्ताव लंडनला ४७२ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाला, तेव्हा स्कॉटलंडच्या ५९ खासदारांपैकी ५८ विरोधात होते आणि उरलेले एकमेव, डेव्हिड मंडेल, हे स्कॉटलंडविषयक खात्याचे मंत्री होते. लोकेच्छा मंत्रिमंडळापर्यंत कशी पोहोचते, याचा हा वस्तुपाठच होय. त्याआधीच्या महिन्यात फ्लोरिडाजवळील चाचणीत क्षेपणास्त्र भरकटले होते, हे मात्र मतदान करून सहा महिने झाल्यावर वृत्तपत्रांतून उघड झाले. जानेवारी २०२४ मधील पुढचे क्षेपणास्त्र तर खुद्द संरक्षणमंत्री पाणबुडीवर हजर असताना समुद्रात कोसळले, आणि त्यावर सरकारने या अस्त्रावरील आपला विश्वास अढळ असल्याचे जाहीर केले. शत्रूने तो किती ठेवावा, याचा खुलासा झाला नाही.

स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचा अण्वस्त्रविरोध जुना आणि प्रामाणिक आहे, हे निःसंशय. परंतु सत्तेची वाट जवळ दिसू लागली की प्रामाणिकपणालाही बारकावे सुचतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये पर्थ येथील अधिवेशनात या पक्षाने नाटोला, म्हणजे अण्वस्त्रांच्या धाकावर आधारलेल्या पाश्चात्त्य लष्करी आघाडीला, असलेला आपला विरोध सोडून दिला. अट इतकीच की, स्कॉटलंडच्या भूमीवर बॉम्ब नको. जॉन फिनी व जीन उर्कहार्ट या दोन आमदारांना हा बारकावा न उमगल्याने त्यांनी पक्षच सोडला. स्वातंत्र्याचा आराखडा मांडणाऱ्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेने तर ट्रायडंट हटवण्याचे वचन देतानाच असेही सांगितले की, मित्रराष्ट्रांची जहाजे भेटीला आली तर त्यांवर अण्वस्त्रे आहेत की नाहीत याचा होकार वा नकार मागितला जाणार नाही. घरात कांदा शिजणार नाही, पण पाहुण्याच्या डब्यात काय आहे हे यजमान विचारणार नाही, असे हे सोवळे होय, आणि नॉर्वे व डेन्मार्कसारखी प्रतिष्ठित घराणी ते आधीपासून पाळत असल्यामुळे त्याला परंपरेचा आधारही आहे.

लंडनची अडचण याहून व्यावहारिक होती. जुलै २०१३ मध्ये बातमी आली की, स्कॉटलंड वेगळा झालाच तर सायप्रसमधील ब्रिटिश तळांप्रमाणे फासलेनवर ब्रिटनचे सार्वभौमत्व ठेवण्याचा विचार संरक्षण मंत्रालयात सुरू आहे; पंतप्रधानांच्या कार्यालयाने लगोलग हात झटकले. इंग्लंडमधील प्लिमथला डेव्हनपोर्टची मोठी नौदल गोदी आहेच. मात्र तेथील सुरक्षानियमांत अण्वस्त्रे भरलेली पाणबुडी उभी करण्याची मुभाच नाही, कारण गोदीला लागून दाट वस्ती आहे, आणि वस्तीजवळ असली वस्तू ठेवणे धोक्याचे असते हे तत्त्व प्लिमथच्या बाबतीत सर्वांना सहज पटते. सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले, आणि खोल पाण्याचे, विरळ वस्तीचे व तक्रार न करणारे इंग्रज गाव शोधण्याच्या कामातून संरक्षण मंत्रालयाची सुटका झाली.