ज्वारीचा दाणा

गाणं ऐकायला काय लागतं? कान. पारशिवनीच्या बाजारात जाईपर्यंत माझी तरी हीच समजूत होती. खिशात मावेल असं गाण्याचं यंत्र घ्यायला गेलो, तेव्हा कळलं की कानाचा नंबर फार मागे लागतो. आधी डोळे लागतात, आणि ते माझ्याकडे जन्मापासून नाहीत.

दुकानदार भला माणूस. त्यानं माझ्या पुतण्याला विचारलं, "यायले काय पाहिजे?"

मी म्हटलं, "गाणे आयकाची मशीन दाखवा."

त्यानं पुन्हा पुतण्यालाच विचारलं, "यायले कोणते गाणे आवडते?"

मग मीही पुतण्याला म्हटलं, "यायले सांग, मले आयकू येते."

पहिला नग हातात आला. साबणाची वडीच. "एकदम प्लेन पीस हाये काकाजी, एकबी बटण नाही!" दुकानदार कौतुकानं म्हणाला. मी वडीवरून बोट फिरवलं. आत काहीतरी सुरू झालं, मग बंद झालं, मग इतक्या मोठ्यानं सुरू झालं की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. "सगळं स्क्रीनवर लिवून येते," त्यानं मला समजावलं.

दुसरा नग बोलका निघाला. चालू करताच आतली बाई इंग्रजीत म्हणाली की ब्लूटूथ सज्ज आहे. मी हरखलो. पण बाई फक्त स्वतःविषयीच बोलते. मी आले, मी जोडले गेले, मी तुटले, माझी बॅटरी संपली. गाणं कुठलं लागलंय, त्यावर अवाक्षर नाही. आमच्याकडच्या सत्कार समारंभातले प्रमुख पाहुणे असेच बोलतात.

हे फक्त आमच्या बाजाराचं दुखणं नाही. ॲपलनं 2009 साली गाण्याचं नाव बोलून सांगणारा आयपॉड शफल काढला. बोलायचा 14 भाषांत, मराठी सोडून. पण वाचा देताना त्याच्या अंगावरची बटणं काढून इअरफोनच्या वायरवर नेऊन बसवली. पुढच्याच वर्षी ती मुकाट्यानं अंगावर परत आली. बटणांवाचून डोळसांचंही अडतं, हे ऐकून मला बरं वाटलं. 2017 साली शफलच बंद झाला.

दुसरीकडे रॉकबॉक्सवाल्या हौशी मंडळींनी 2001 पासून खपून एक फुकट प्रणाली लिहिली. ती काही ठरावीक प्लेअरमध्ये भरली की मेनू बोलू लागतो. कंपनीनं मुकं जन्माला घातलेलं यंत्र परक्यांनी बोलकं केलं. खास अंधांसाठी बनवलेला व्हिक्टर रीडरही आहे. बोटाला लागणारी बटणं, सगळं बोलून सांगणार. किंमत ऐकली की मग आपण मुके होतो.

"त्यापेक्षा मोबाइल घ्या ना," असं सगळे सांगतात. खरंय, त्यातला टॉकबॅक स्क्रीनवरचं मराठीत वाचून दाखवतो. पण किशोरीताई आमोणकरांचा आलाप चढत चढत वर पोचावा आणि नेमकं तेव्हाच त्यानं सांगावं की कुणीतरी 'शुभ सकाळ' पाठवलंय, हे मैफलीत शोभत नाही.

अशा मुक्या यंत्रांवर कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 43. सर्वांना वापरता येतील अशा वस्तू तयार व्हाव्यात म्हणून सरकारनं प्रोत्साहन द्यावं, असं त्यात आहे. दिलंही असेल. मला दिसलं नाही, पण मला तसंही काही दिसत नाही, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडानं करू?

लोक मात्र म्हणतात, "तुमचे कान लई तेज!" कान सगळ्यांचेच तेज असतात हो, फक्त कामाला लावावे लागतात. कोलितमाऱ्याच्या गेटातून पेंचच्या जंगलात शिरलेली जिप्सी पाहा. गाइड गाडी थांबवतो, सगळ्यांना गप्प करतो आणि वानर कुठं खेकसलं, चितळ कुठं ओरडलं, ते ऐकतो. लाखाचे कॅमेरे मांडीवर ठेवून मंडळी श्वास रोखून बसतात. वाघसुद्धा आधी कानालाच सापडतो.

वडिलांचा रेडिओ मला कुणी शिकवला नव्हता. खटका 'टक्' वाजला की चालू. मग गोल बटण फिरवत राहायचं, खरखर विरत गेली की नागपूर आकाशवाणी. 585 किलोहर्ट्झवरचा तो काटा मी कधी पाहिला नाही, पण चुकलोही नाही. तो रेडिओ बनवणाऱ्याला माझी दया आली नसणार. त्यानं फक्त खटका नीट बसवला होता.

शेवटी मी एक मेमरी कार्डवाला डबा घेतला. पाच बटणं, पाचही सारखी. घरी आल्यावर बायकोनं मधल्या, चालू-बंदच्या बटणावर फेविक्विकनं ज्वारीचा दाणा चिकटवला. लुई ब्रेलला सहा ठिपके लागले, आमचं एका दाण्यावर भागलं.

परवा रात्री लाइट गेली. आमच्या पेंच नदीच्या पाण्यावर कोराडी-खापरखेड्याच्या केंद्रांत वीज होते, तरी आमच्याकडची जाते. मोबाइल आधीच मेलेला. पुतण्या अंधारात डबा घेऊन खटपट करत बसला. एकदा आवाज वाढला, एकदा गाणं बदललं, मग आतली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काकाजी, बंद कुठून होते हे?"

"यायले म्हणा," मी बायकोला म्हटलं, "दाणा चाचपा."