ललतची वेळ

एकेकाळी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात उजाडेपर्यंत गाणं चालायचं. मग ध्वनिक्षेपकाचा नियम आला आणि रात्री दहाला माइक बंद होऊ लागला. फार तर एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत. तेव्हापासून रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा ललत आम्ही पोहे खाऊन, सकाळच्या मैफलीत ऐकतो. ‘हा रागसमयाचा खून आहे!’ असं मी सवाईच्या मांडवात बटाटावडा खाता खाता भेटेल त्याला सुनावत असे. शेवटी बायको वैतागली. म्हणाली, “मग जा ना, जिथे रात्रभर गातात तिथे!”

म्हणून बनारस. तिथला संकटमोचन संगीत समारोह १९२३ साली सुरू झाला. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या सुमारास, मारुतीच्या देवळातच ओळीनं काही रात्री गाणं-बजावणं आणि नाच. तिकीट नाही. कलाकार मारुतिरायापुढे ‘हाजिरी’ लावायला येतात. पंडित जसराज वर्षानुवर्षं येत राहिले. २०१५ साली पाकिस्तानातून गुलाम अली येऊन गायले. उन्हाळ्यात गाणं ऐकायला कुठे जावं असं कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून हेच नाव सांगतो. (डोळे झाकण्याचं पुढे येईलच.)

बायको दुपारी शहाण्यासारखी झोपली. मी म्हटलं, झोपायला का एवढ्या लांब आलोय? सकाळीच कचौडी-जिलेबी झाली होती. भर दुपारी लू अंगावर घेत गल्ल्या पालथ्या घातल्या, वर मलईचा थर असलेली लस्सी कुल्हडामागून कुल्हड रिचवली. संध्याकाळी देवळातल्या लाडवांचा पुडा माकडानं हातातून लांबवला, तो त्याचा परोपकारच म्हणायचा.

बायकोनं बायकांत पुढे जागा धरली. मी मागे सतरंजीवर. शेजारी गालात पान जमवलेले एक वयस्कर बनारसी गृहस्थ. त्यांना मी आपणहून समजावलं, “ललत में दोनों मध्यम लगते हैं, और पंचम वर्ज्य है.” त्यांनी पान या गालातून त्या गालात नेलं आणि मान डोलावली. मध्यरात्र उलटेपर्यंत मी ताठ बसून, डोळे मिटून, पुणेरी बेतानं मान हलवत होतो. आसपास मात्र मोकळ्या गळ्यानं ‘हर हर महादेव!’ चाललं होतं.

तशाच एका गर्जनेनं मी दचकलो. फटफटलं होतं. मंचावर तानपुऱ्यांवर गवसण्या चढत होत्या. माझं डोकं त्या गृहस्थांच्या खांद्यावर होतं आणि त्यांच्या पांढऱ्या कुडत्यावर माझ्या लाळेचा चांगला ओंजळभर डाग. बिचारे हलले नव्हते.

“ललत?” मी विचारलं.

“हो गया. घंटा भर गाए.”

“अरे, मग जगाया क्यों नहीं?”

“जगाए थे,” ते शांतपणे म्हणाले. “आप बोले, पंचम वर्ज्य है, और फिर सो गए.”