पॅरामीटर आप्पा

साखरपट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या संगणक विभागात एक आप्पा असतात. अकलूजकडच्या आप्पांना विचारून बघा, "आप्पा, जेवलात का?" ते चष्मा कपाळावर सरकवून विचारतील, "कुठल्या तारखेचं इचारताय?"

आधी ठरवून काही लिहायचं नाही, हा आप्पांचा बाणा. त्यांचंही खरं आहे म्हणा. दर गळीत हंगामाला ऊसनोंदीचं नवं टेबल. सभासद निराळे, बिगरसभासद निराळे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. शिवाय गट ऑफिस, गाव, उसाची जात. शेतकी खात्याला एक यादी हवी, चेअरमनसाहेबांना दुसरीच, तीही गाडीत बसता बसता. दुसऱ्या कुणी चाळीस रिपोर्ट लिहिले असते. आप्पांनी पोस्टग्रेसमध्ये एकच फंक्शन लिहिलं, 11 पॅरामीटरचं. आत एक रिकामी स्ट्रिंग. जो पॅरामीटर येईल त्याचा तुकडा तिला डकवायचा आणि शेवटी 'एक्झिक्यूट'. "मोळी कुठलीबी टाका, गव्हाण एकच!" असं ते शिपायालासुद्धा समजावून सांगतात.

गाव रिकामं सोडलं की मात्र गंमत होते. स्ट्रिंगला नल जोडला की सगळी स्ट्रिंगच नल! आप्पा म्हणतात, "गावच न्हाई, तर क्वेरी ऱ्हानार कुठं?"

खरी पंचाईत झाली ती गट नंबर 214 'अ' पायी. कुण्या चिटबॉयने तो सातबाऱ्यावर होता तसाच, अवतरणचिन्हांसकट टाकला. पहिल्या चिन्हालाच आप्पांची स्ट्रिंग संपली, उरलेला 'अ' उघड्यावर पडला आणि बिलाची यादी अडली. कायद्याने उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे. तेरावा दिवस चालू होता. आप्पांनी फर्मान काढलं, "शेतकऱ्याला म्हणावं, गट बदल!"

विभागात नव्याने लागलेल्या पोरीने हळूच सांगितलं, "आप्पा, किमती स्ट्रिंगमध्ये डकवू नका. 'यूजिंग'ने वेगळ्या पाठवा, मग अवतरणचिन्ह असो नाहीतर काही. टेबलाचं नाव तेवढं तसं जात नाही. ते 'फॉरमॅट'मध्ये टक्का-आय लावून घाला. नाहीतर उद्या गट नंबरच्या रकान्यात कुणी टेबल उडवायचा हुकूम लिहिला, तर तोही चालेल."

"आपल्या भागातली मानसं तसली न्हाईत," आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "पर बिगरसभासदाचं सांगता येत न्हाई."

त्या रात्री ते उशिरापर्यंत बसले. सकाळी 214 'अ'चं बिल निघालं. पोरीने मोठ्या आशेने फंक्शन उघडलं. आता त्याला 12 पॅरामीटर होते. बारावा होता: जुन्या पद्धतीनं चालवायचं का नव्या.