खवय्यांच्या भरवशावर

१८३९ साली जर्मनीतल्या एका प्रतिष्ठित रसायन-नियतकालिकात एक निनावी टिपण आलं. यीस्ट हा एक चिमुकला प्राणी आहे, त्याला सोंडेसारखं तोंड आहे, दात मात्र दिसत नाहीत, तो साखर ओढून घेतो आणि मागच्या बाजूने अखंड अल्कोहोल सोडत राहतो, असं त्यात अगदी गंभीर चेहऱ्याने लिहिलं होतं. भरलेल्या मूत्राशयाचा आकार म्हणे शॅम्पेनच्या बाटलीसारखा! हा उद्योग खुद्द व्योलर आणि लीबिग यांचा. आंबवण्याचं काम सजीव करतात, असं म्हणणाऱ्या श्वान वगैरे शास्त्रज्ञ मंडळींची त्यांना टर उडवायची होती. दोघेही रसायनशास्त्रातले दादा, त्यामुळे यीस्टला आपण जिवंत आहोत हे मान्य करून घ्यायला पुढे पाश्चरपर्यंत थांबावं लागलं. गंमत अशी की चेष्टेतला मजकूर बराचसा खरा निघाला. सोंड तेवढी नव्हती.

आपल्या साखरपट्ट्यातल्या डिस्टिलऱ्या या चिमुकल्या प्राण्याच्या जिवावरच चालतात. मळी पाण्यात कालवायची, यीस्ट सोडायचं आणि ते जेवेपर्यंत वाट पाहायची. १०० किलो ग्लुकोजमधून फार तर ५१ किलो अल्कोहोल मिळतं. उरलेल्या ४९ किलोंचा कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांवाटे वर जातो. निम्मी साखर हवेत सोडणारा एखादा कामगार युनियनलाही वाचवता आला नसता.

उसाच्या साखरेचा रेणू जोडगोळीचा, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. ती जोडी फोडायचं एन्झाइम यीस्ट आपल्या अंगात न ठेवता पेशीच्या बाहेरच्या भिंतीत ठेवतं. परिणामी फुटलेल्या साखरेतला जेमतेम एक टक्का त्याच्या स्वतःच्या वाट्याला येतो आणि बाकीची आजूबाजूला पसरते. जेफ गोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे मोजून दाखवलं. शिवाय हे एन्झाइम अजिबात न बनवणारं यीस्ट त्याच भांड्यात ऐटीत जगतं, हेही दाखवलं. उसाचं टिपरूही न घालता वार्षिक सभेच्या जेवणाला पहिल्या पंगतीत बसणारे सभासद कुणाला आठवले, तर माझा इलाज नाही. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आपण प्रवरानगरपासून सुरू करतो. मला वाटतं, थोडं आणखी मागे जायला हवं.

यीस्टचा दुसरा गुण याहून बेरकी. भरपूर हवा असतानाही समोर साखर मुबलक दिसली, की ते तिचं अल्कोहोलच करतं. नीट श्वास घेऊन साखर जाळली असती तर कितीतरी जास्त ऊर्जा मिळाली असती. पण अल्कोहोल शेजारच्या बऱ्याच जिवाणूंना सोसत नाही, यीस्टला सोसतं. तेव्हा आधी सगळी साखर दारूत बदलून टाकायची आणि गर्दी हटली की तीच दारू सावकाश स्वतः प्यायची, असा हा बेत असावा असं अभ्यासक मानतात. आपण टाकीतली हवा तोडतो आणि दुसऱ्या अंकाच्या आत पडदा पाडतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं आपलं धोरण या घाईवर उभं आहे, मग ते इथेनॉल उसाचं असो नाहीतर मक्याचं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, तेव्हा सगळ्यांची मतं छापून आली. यीस्टला कुणी विचारलं नाही.

मग शहाणे लोक म्हणाले, रस राहू द्या, चिपाड घ्या. चिपाडातही साखरच आहे, फक्त कुलूपबंद. त्यातल्या सेल्युलोजचं कुलूप काढणारी बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली. अमेरिकन लष्कराचे तंबू खाऊन ती गलेलठ्ठ झाली होती. तिच्या एन्झाइमांनी ग्लुकोज मोकळं होतं. पण चिपाडात झायलोज नावाची दुसरी साखरही असते, पाच कार्बनची. यीस्ट तिला तोंड लावत नाही. ते उपाशी राहील, पण झायलोज खाणार नाही.

इथे उपयोगी पडला हत्ती. भारतीय हत्तीच्या लिदीतून वेगळ्या केलेल्या एका बुरशीत झायलोज पचवायला लागणारं एन्झाइम होतं. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २००३ साली त्याचा जीन यीस्टमध्ये घातला. गजान्त लक्ष्मी म्हणतात ती अशीही येते! तरी यीस्ट पहिल्यांदा इतक्या नाखुशीने खाऊ लागलं, की त्याची वाढ डोळ्यांना दिसेना. पुढे पिढ्यान् पिढ्या केवळ झायलोजच वाढून त्याला वळण लावावं लागलं.

एवढं सगळं केल्यावरही समोर दोन्ही साखरा ठेवल्या, तर आधी ग्लुकोज संपतं आणि झायलोज मागे रेंगाळतं. ही खोड जुनी आहे, आणि एकट्या यीस्टची नाही. पॅरिसमध्ये झाक मोनोने १९४०च्या सुमारास जिवाणूंना दोन साखरा देऊन पाहिल्या होत्या. आवडती संपली की जिवाणू चक्क थबकायचे आणि काही वेळाने दुसरीकडे वळायचे. त्या थबकण्याचा माग काढता काढता मोनो जीन चालू-बंद कसे होतात या प्रश्नाशी पोचला आणि १९६५ साली जाकोब आणि ल्वॉफ यांच्याबरोबर नोबेलचा मानकरी ठरला. चिपाडापासून इथेनॉल करणाऱ्या मॅनेजरला मात्र त्या रेंगाळण्याबद्दल फक्त विजेचं बिल येतं.