टपावरचा जावई

कॅम्परच्या जाहिरातीत एसी कधी दिसत नाही. दिसतात दोन घडीच्या खुर्च्या, मावळता सूर्य, कॉफीचा मग आणि एक समजूतदार कुत्रा. टपावरचं पांढरं पेटारं फोटोवाला बरोबर कापतो. सगळ्या सहलीचा जीव त्या पेटाऱ्यात असतो, हे तो कशाला सांगेल?

आमच्या जावयाने फिनिक्सहून लेक हवासू सिटीला जायचा बेत केला तो ऐन जूनमध्ये. का, तर या दिवसांत कॅम्पर भाड्याने स्वस्त पडतो. ॲरिझोनात उन्हाळ्यात जे काही स्वस्त मिळतं त्याच्याकडे संशयानेच बघावं. याच लेक हवासू सिटीत २९ जून १९९४ ला पारा १२८ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या ५३ अंशांच्या वर गेला होता. राज्याचा विक्रम आहे तो. मुलीने ही माहिती काळजीने पुरवली, तर आमचे साडू नाना म्हणाले, "आम्ही मे महिन्यातलं भुसावळ काढलंय, ताई." नाना वीज मंडळातून निवृत्त. उभी हयात खानदेशातल्या फीडरवर गेली.

आणि तिथे बघायचं काय? लंडन ब्रिज. थट्टा नाही. टेम्स नदीवरचा पूल खचायला लागला तेव्हा १९६८ मध्ये रॉबर्ट मॅककलॉक नावाच्या उद्योगपतीने तो २४ लाख ६० हजार डॉलरना विकत घेतला, दगडांवर नंबर घालून इथल्या वाळवंटात आणला आणि १९७१ मध्ये उभा केला. तोही कोरड्या जमिनीवर. पाणी नंतर, खालून कालवा खणून. ही कामाची पद्धत नानांना फार ओळखीची वाटली.

कॅम्परला एसी दोन असतात. एक डॅशबोर्डातला, तो इंजिनावर चालतो आणि ड्रायव्हरचे गुडघे गार करतो. दुसरा टपावरचा. त्याला घरातल्यासारखी वीज लागते, अमेरिकेतली १२० व्होल्टची. गाडी चालू असताना ती जनरेटरने द्यायची, मुक्कामाला खांबावरच्या प्लगमधून घ्यायची. क्वार्टझसाइट मागे पडलं आणि जनरेटरने दोन आचके देऊन मान टाकली. मागे बसलेल्या बायकांनी एका सुरात जावयाच्या नावाने हाक मारली. जावई कंपनीच्या हेल्पलाइनवर. तिकडून आधी गाणं, मग "बंद करून चालू करून बघा."

नानांनी पेट्रोलचा काटा पाहिला. पाव टाकीच्या खाली. जनरेटरही त्याच टाकीतून पितो, पण त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. तळाचं पाव पेट्रोल फक्त इंजिनाला, म्हणजे गारव्याच्या नादात माणूस वाळवंटात अडकून पडायला नको. पार्करला टाकी भरली आणि जनरेटर गुरगुरायला लागला. ज्याने ही नळी आखूड केली तो दोन मुलींचा बाप असणार, असं नानांचं मत पडलं.

खरी गंमत मुक्कामावर. दुपारचे चार, बाहेर शेहेचाळीस. जावयाने तीस अँपियरचा जाडजूड प्लग खांबात खोचला, थर्मोस्टॅट "कूल"वर केला. पंखा फिरला. गरम हवेचा झोत आला. टपावरून "हूंऽऽ" असा आवाज आला आणि खट्! पंखा चालू, कॉम्प्रेसर गप्प. बायको मला हळूच म्हणाली, "दिवाळसणाला रुसलेला जावईच की हो. अख्खं घर विनवतंय आणि हा नुसता हूं म्हणतोय." हळूच, कारण खरा जावई तिथेच घाम पुसत उभा होता.

मग जो तो वैद्य. मुलीने तापमान आणखी खाली आणलं. मावशींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, फिल्टर काढून झटकला. मी बटण बंद करून चालू केलं. माणूस याहून जास्त काय करणार? दोन मिनिटांनी बायकोने तेच केलं, मग नातवाने. नाना ओरडले, "हात लावू नका कोणी!" कॉम्प्रेसर एकदा बंद झाला की आतला गॅसचा दाब सारखा व्हायला तीनेक मिनिटं लागतात. तोवर तो उठू नये म्हणून घड्याळ बसवलेलं असतं, आणि दर वेळी बटण दाबलं की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आम्ही सगळे मिळून त्या बिचाऱ्याला उठूच देत नव्हतो. नानांनी मनगटावरचं घड्याळ काढून थर्मोस्टॅटखाली ठेवलं आणि पहाऱ्याला बसले.

तीन मिनिटं झाली. "हूंऽऽ" आणि या वेळी गाडीतलं सगळंच गेलं. मावशींनी मायक्रोवेव्हमध्ये साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. तीस गुणिले एकशेवीस, छत्तीसशे वॉट एवढाच संसार; त्यात मायक्रोवेव्ह, पाण्याचा हीटर आणि बॅटरीचा चार्जर. नानांनी एकेक करून सगळं बंद केलं. खिचडी अर्धीकच्ची राहिली. तरी "हूंऽऽ, खट्."

"कपॅसिटर गेला असेल," म्हणत नानांनी डोक्याला पंचा गुंडाळला आणि मागची शिडी धरली. जावई खालून कळवळला, "नाना, झाकण उघडलं तर डिपॉझिट जाईल!" नाना चार पायऱ्यांवरून उतरले. तत्त्वासाठी नव्हे, शिडी तापली होती.

मग त्यांनी बॅगेतून मीटर काढला. अमेरिकेला येताना लोक लोणची आणतात, नानांनी मल्टिमीटर आणला होता. खांबावर ११२ भरले. जावई म्हणाला, "ठीक आहे की." "मोकळ्या लाइनीवर सगळेच बरे दिसतात," नाना म्हणाले, "आता लाव एसी." कॉम्प्रेसर कण्हला आणि आकडा सरसर उतरत ९८ वर आला. नानांचा चेहरा उजळला. अमेरिकेत आल्यापासून इतके खूश ते कुठेच दिसले नव्हते. "लो व्होल्टेज! साडूभाऊ, आपलं लो व्होल्टेज!"

मोटार सुरू होताना चालत्या मोटारीच्या कैक पट करंट ओढते. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर तिचा जोर एकोणीस टक्के पडतो. त्यात रांगेतल्या प्रत्येक गाडीचा एसी चालू, म्हणजे उन्हाळ्यात सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू व्हावेत तशीच गत. शेतकऱ्यांना "पंपाला कपॅसिटर लावा" म्हणून सांगण्यात नानांची हाडं झिजलेली.

शेजारच्या गाडीतले लाल टोपीवाले आजोबा हे सगळं सोड्याचा कॅन हातात धरून पाहत होते. ते आत गेले आणि लोखंडी डबा घेऊन आले. खांब आणि गाडीच्या मध्ये लावायचा, तो व्होल्टेज दहा टक्के चढवतो. नानांनी डबा हातात तोलला, तळ पाहिला, कानाला लावून गुणगुण ऐकली आणि आजोबांची पाठ थोपटली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती असं म्हणवत नाही, कारण पुढचा अर्धा तास ते दोघे आकड्यांत बोलत होते. एसी लागला. दहा मिनिटांनी मावशींनी शाल मागितली.

संध्याकाळी आम्ही पूल पाहायला गेलो. नाना आले नाहीत. जावयालाही ठेवून घेतलं. पूल चांगला आहे, दिवेही चांगले आहेत. परतलो तर नाना चार गाड्या पलीकडे एका अनोळखी कॅम्परच्या टपावर, हातात पेचकस, खाली घोळका आणि शिडी धरून उभा असलेला आमचा जावई.

"नाना, ही गाडी आपली नाहीये हो!"

"म्हणून तर उघडतोय," वरून आवाज आला. "हिचं डिपॉझिट आपल्याला थोडंच भरायचंय?"